औषध हरलंय की निदान? डोळ्याचा हर्पिस आणि पेशीतल्या प्रथिनांवर नेम धरणारी औषधं

प्रश्न खानापूर तालुक्यातून आला आहे. विचारणाऱ्यांच्या वडिलांचं वय ५८, त्यांना मधुमेह आहे, शेती करतात. दोन वर्षांत चौथ्यांदा त्यांच्या उजव्या बुबुळावर हर्पिस या विषाणूची जखम झाली. अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम आणि गोळ्या तीन आठवडे चालू आहेत, पण जखम भरत नाही. ‘विषाणू औषधाला दाद देत नाहीसा झालाय’ असं कुणीतरी सांगितलं. मुलाने वाचलं, की आता विषाणूला सोडून आपल्याच पेशीतलं प्रथिन बंद करणारी औषधं निघाली आहेत आणि त्यांना विषाणू कधीच सरावत नाही. ती पुण्या-मुंबईत मिळतील का, असं ते विचारतात.

मी बेळगावात बुबुळाच्या आजारांचं काम करतो. खानापूर, चंदगड, निपाणी, संकेश्वरकडून असे डोळे माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या वडिलांचा डोळा मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं ‘बहुतेक वेळा काय असतं’ या अंगाने वाचा.

थोडक्यात उत्तर: अशी औषधं आज कुठल्याही दुकानात किंवा दवाखान्यात मिळत नाहीत. पण तुमच्या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न आहे आणि तो कुणी विचारलेला दिसत नाही. विषाणू औषधाला खरंच दाद देत नाही, हे ठरवलं कुणी आणि कशावरून? तीन आठवड्यांत जखम भरली नाही यावरून एवढंच कळतं, की जखम भरली नाही.

सगळ्यात साध्या कारणापासून सुरू करतो. डोळ्याचं मलम दिवसातून पाच वेळा लावायचं असतं. मलम घातलं की तासभर धूसर दिसतं. मोटारसायकल चालवता येत नाही, शेतात काम होत नाही. मग माणूस ते रात्री झोपताना एकदा लावतो आणि डॉक्टरांना मात्र ‘लावतोय की’ म्हणून सांगतो. यात मी रुग्णाला दोष देत नाही, ही पद्धतच शेतकऱ्याच्या दिवसाला सोयीची नाही. म्हणून वडिलांना रागावू नका, ट्यूब दाबून बघा. तीन आठवड्यांत एकही ट्यूब संपली नसेल तर बरंचसं उत्तर तिथेच आहे. आणि ट्यूबवर काय छापलंय तेही वाचा. डोळ्याचं मलम ३ टक्क्यांचं असतं, त्वचेची क्रीम ५ टक्क्यांची. मेडिकलमधून त्वचेची क्रीम आणून डोळ्यात घातल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. ती डोळ्यासाठी बनवलेलीच नसते.

दुसरं कारण म्हणजे स्टेरॉइड. लाल डोळ्यावर चिठ्ठीशिवाय मिळणारे बरेच ड्रॉप प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले असतात. दोन दिवसांत लाली जाते, बरं वाटतं, आणि फांद्यांसारखी असलेली बारीक जखम आतल्या आत पसरून नकाशासारखी रुंद होते. हर्पिस बुबुळाच्या खोल थरात असेल तेव्हा स्टेरॉइड उपयोगी पडतं, पण सोबत विषाणूविरोधी औषधाचं कवच असताना आणि तपासणी चालू असतानाच. तेव्हा घरातली प्रत्येक बाटली, अर्धी संपलेलीसुद्धा, पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या.

तिसरं, तो हर्पिसच आहे का? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. चिकोडी, रायबाग, अथणीच्या पट्ट्यात उसाचं पातं डोळ्याला लागणं रोजचं आहे, आणि त्यातून होणारा बुरशीचा संसर्ग सुरुवातीला फसवतो. बुरशीला नॅटामायसिन लागतं. अ‍ॅसायक्लोव्हिर तिथे वर्षभर घातलं तरी काही होणार नाही. मातीतून, साठलेल्या पाण्यातून येणारा अकँथामिबा हा एकपेशी जीव तर सुरुवातीला हर्पिससारखाच दिसतो. खानापूरच्या पावसात गढूळ पाण्याने डोळे धुतल्यावर मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवींचा त्रास होतो, तोही विषाणूच्या नावावर खपतो. बुबुळाच्या जखमेतून खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर यातलं बरंचसं त्याच दिवशी उलगडतं.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तुमच्या वडिलांचं वर्णन तिथे जुळतं. हर्पिस वारंवार आला, की बुबुळाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा मरतात. नस गेली की वरचा थर भरून येण्याची ताकद जाते, आणि मधुमेहाने ती आधीच कमी झालेली असते. विषाणू केव्हाच थंडावलेला असतो, पण गुळगुळीत कडांची एक लंबगोल जखम तशीच राहते. त्यावर आणखी मलम घातलं तर मलमाच्याच त्रासाने ती भरत नाही. म्हणजे औषध चालत नाही म्हणून औषध वाढवायचं, आणि वाढवलं म्हणून जखम चालू राहायची. हे ओळखायला यंत्र लागत नाही. डोळ्यात कसलाही ड्रॉप घालण्याआधी कापसाच्या बारीक धाग्याने बुबुळाला स्पर्श करायचा आणि दोन्ही डोळ्यांची तुलना करायची. ‘इतकी जखम आहे, पण दुखत कसं नाही?’ असं घरच्यांना वाटत असेल, तर ते आवर्जून डॉक्टरांच्या कानावर घाला.

हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं, त्यात खरा प्रतिरोध शोधायचा. तो असतो, नाही असं नाही. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या लोकांमध्ये अ‍ॅसायक्लोव्हिरला न जुमानणारा हर्पिस साधारण १ टक्क्याहून कमी सापडतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, एचआयव्ही असलेले यांच्यात तो कित्येक पट जास्त असतो. डोळा मात्र थोडा वेगळा वागतो. नेदरलँड्समध्ये बुबुळाच्या हर्पिसच्या १७३ रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा ११ जणांत प्रतिरोधी विषाणू मिळाला. म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास. अ‍ॅसायक्लोव्हिर वर्षभर किंवा त्याहून जास्त प्रतिबंधक म्हणून घेतलेल्यांत त्याचा धोका अधिक दिसला आहे.

इथे लगेच कुणी गोळ्या बंद करू नका. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, १९९८ साली, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर घेतल्यावर डोळ्याचा हर्पिस परत येण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं होतं. चार वेळा त्रास झालेल्या माणसाला मी ही गोळी देतोच. मला भीती वाटते ती मनाला येईल तशी चालू-बंद करण्याची.

आता तुमच्या मूळ विषयाकडे येतो. प्रतिरोध येतो कसा, हे कळल्याशिवाय नव्या औषधांचं महत्त्व कळणार नाही.

अ‍ॅसायक्लोव्हिर शरीरात जातं ते निष्क्रिय अवस्थेत. त्याला जागं करणारं पहिलं एन्झाइम, थायमिडिन कायनेज, विषाणूचं स्वतःचं असतं. म्हणून औषध जागं होतं ते मुख्यतः बाधित पेशीत. पुढच्या दोन पायऱ्या आपल्या पेशीची एन्झाइमं पार पाडतात, आणि मग ते विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच तोडतं. निरोगी पेशीला जवळजवळ धक्का नाही. गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हे औषधही होतं. इतकं नेमकं औषध विषाणूंविरुद्ध तोवर नव्हतं.

पण गोम तिथेच आहे. हे एन्झाइम विषाणूला बुबुळाच्या किंवा त्वचेच्या पेशीत वाढायला अत्यावश्यक नसतं. ते मोडलं तरी त्याचं भागतं. म्हणून प्रतिरोधी विषाणूंपैकी जवळपास ९५ टक्क्यांत बिघाड याच एन्झाइमात सापडतो, आणि उरलेल्यांत डीएनए जोडणाऱ्या पॉलिमरेजमध्ये. ज्या गुणामुळे औषध निर्धोक आहे, त्याच गुणामुळे विषाणूला त्यातून स्वस्तात निसटता येतं. यावरून व्यवहारातली एक गोष्ट लक्षात ठेवा: व्हॅलॅसायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर यांनाही हेच एन्झाइम लागतं, गॅन्सायक्लोव्हिरचं जेलही मुख्यतः त्याच्यावरच अवलंबून असतं. प्रतिरोध त्या एन्झाइमातला असेल तर गोळीचं नाव बदलून फारसं काही बदलत नाही. ‘तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या’ असं लोक सांगतात, तेव्हा प्रत्यक्षात एकच गोळी तीनदा झालेली असते.

विषाणूच्या भागावर नेम धरला की तो भाग बदलतो. मग जो भाग विषाणूचा नाहीच, आपल्या पेशीचा आहे आणि ज्यावाचून विषाणूचं चालत नाही, त्यावर नेम का धरू नये? हर्पिसकडे जनुकं जेमतेम ऐंशीच्या घरात. प्रथिनं बनवायचा कारखाना, ऊर्जा, पेशीतले संदेश हे सगळं तो आपल्याकडून उसनं घेतो. आपल्या पेशीचं प्रथिन विषाणूच्या जनुकांत लिहिलेलं नसतं, त्यामुळे त्यात त्याला परस्पर बदल करता येत नाही. मांडणी पक्की आहे.

यातलं डोळ्यापुरतं सर्वात चर्चेतलं उदाहरण बीएक्स-७९५ हे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात दीपक शुक्ला यांच्या गटाने २०१८ साली ते प्रसिद्ध केलं. हा रेणू टीबीके-१ नावाचं पेशीतलं एन्झाइम बंद करतो म्हणून आधीच माहीत होता, आणि टीबीके-१ तर विषाणूविरुद्धची आपली धोक्याची घंटा वाजवतं. ती घंटा बंद केली तर संसर्ग वाढायला हवा. झालं उलटंच, विषाणू थांबला. त्यांनी शोध घेतला तेव्हा दिसलं, की हा रेणू पेशीतल्या एकेटी या प्रथिनाला सक्रिय होऊ देत नाही, आणि विषाणूला स्वतःची प्रथिनं बनवून घ्यायला तेच सक्रिय लागतं. उंदरांच्या डोळ्यांत आणि प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या मानवी बुबुळांवर त्याचा परिणाम दिसला. दुसऱ्या गटांनी वेगळ्या वाटाही सुचवल्या आहेत, म्हणजे नेमकं काय बंद होतं यावर अजून एकमत नाही.

दुसरी वाट आणखी खोल जाते. अ‍ॅसायक्लोव्हिर चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत झोपलेल्या विषाणूला शिवत नाही, म्हणून हर्पिस परत परत येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत थॉमस क्रिस्टी यांच्या गटाने २००९ साली दाखवलं, की एलएसडी-१ हे पेशीतलं एन्झाइम रोखलं तर विषाणूची जनुकं उघडतच नाहीत आणि झोपलेला विषाणू जागा होणं अडतं. त्यासाठी त्यांनी ट्रॅनिलसिप्रोमिनसारखी नैराश्यावरची जुनी औषधं वापरली होती.

आता किंमत. उसाला कीड लागली म्हणून मळ्याचं पाणीच तोडलं, तर कीड मरेल. पण ऊस किती दिवस कोरडा तग धरेल, हे आधी ठरवावं लागतं. एकेटी ही काही विषाणूची खासगी मालमत्ता नव्हे. बुबुळाचा वरचा थर जखमेवर सरकून ती झाकतो, त्या कामातही त्याच संदेशाचा हात असतो. म्हणजे विषाणू थांबवणारं औषध जास्त दिवस चाललं तर जखम भरणंही रेंगाळू शकतं. आणि ज्या डोळ्याची नस गेली आहे, मधुमेहही आहे, तिथे हा धोका आणखी मोठा. ट्रॅनिलसिप्रोमिनचंही तसंच: ते घेताना जुनं चीज किंवा आंबवलेले काही पदार्थ खाल्ले तर रक्तदाब एकदम चढू शकतो. हर्पिससाठी ते घरच्या घरी सुरू करायची गोष्ट अजिबात नाही.

‘विषाणू कधीच सरावत नाही’ हेही जास्तीचं विधान आहे. एचआयव्हीवर मॅराविरॉक नावाचं औषध २००७ पासून वापरात आहे. ते विषाणूवर नव्हे, पेशीच्या सीसीआर-५ या दारावर बसतं. काही रुग्णांत सीएक्ससीआर-४ या दुसऱ्या दाराने शिरणारे विषाणू वाढले. दार बदलता आलं नाही, तरी वाट बदलता येते. हर्पिससारख्या डीएनए विषाणूला हे अवघड जाईल असं मलाही वाटतं, पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

तरीही मी या दिशेबद्दल आशावादी आहे, आणि त्याचं कारण डोळा हेच आहे. ड्रॉप बुबुळावर घातला तर औषध तिथल्या थरात भरपूर पोचतं आणि बाकीच्या शरीराला फारच थोडं मिळतं. शिवाय लागतं ते काही दिवसांपुरतं. पेशीच्या प्रथिनाला थोडे दिवस, थोड्या जागी रोखायचं असेल तर त्यासाठी डोळ्यासारखी सोयीची जागा क्वचितच मिळेल. मेंदूच्या हर्पिसमध्ये किंवा अंगभर पसरलेल्या संसर्गात हाच हिशोब फार कठीण होतो.

खरं म्हणजे पेशीकडून विषाणूला गाठायची कल्पना आमच्या धंद्यात जुनीच आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर येण्याआधी नेत्रतज्ज्ञ बुबुळावरच्या बाधित पेशी हळूच खरवडून काढत. आजही औषध चालत नसेल तेव्हा मी ते करतो. विषाणूचा भार कमी होतो आणि तपासणीला नमुनाही मिळतो. किडनी प्रत्यारोपणवाल्यांकडचं उदाहरणही आहे: हर्पिसच्याच कुटुंबातला सायटोमेगॅलोव्हायरस, एव्हरोलिमससारखं, पेशीची वाढ चालवणारं एमटॉर हे प्रथिन रोखणारं औषध घेणाऱ्यांत कमी डोकं वर काढतो.

प्रतिरोध सिद्ध झालाच, तर आज हाताशी काय आहे? ट्रायफ्लुरिडिनच्या ड्रॉपला विषाणूचं एन्झाइम लागत नाही. पण तो बुबुळाला झोंबतो आणि २१ दिवसांपलीकडे चालवत नाहीत. फॉस्कार्नेट आणि सिडोफोव्हिर शिरेतून, रुग्णालयात दाखल करून द्यावी लागतात आणि दोन्ही किडनीला जड आहेत, त्यामुळे मधुमेही माणसाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय त्यांचा विचारही नको. विषाणूच्या हेलिकेज-प्रायमेजवर, म्हणजे डीएनएची नक्कल करताना त्याची गुंडाळी उलगडणाऱ्या त्याच्या यंत्रणेवर, काम करणारा एक नवा गट आहे. त्यातलं अमेनामेव्हिर जपानमध्ये २०१७ पासून नागिणीसाठी वापरतात, प्रिटेलिव्हिरच्या चाचण्या प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत झाल्या आहेत. पेशीवर नेम धरणाऱ्या औषधांपेक्षा हा गट रुग्णाच्या जास्त जवळ पोचला आहे. मला विचाराल तर पुढच्या काही वर्षांत लक्ष इथे ठेवा.

वडिलांसाठी मी स्वतः कोणत्या क्रमाने गेलो असतो ते सांगतो. आधी जुन्या कागदांवर हर्पिस सिम्प्लेक्स लिहिलंय की झोस्टर (नागीण), ते पाहिलं असतं, कारण मात्रा वेगळ्या. मग बुबुळाची संवेदना, मग खरवडून घेतलेला नमुना: अर्धा बुरशी-जिवाणू-अमिबासाठी, अर्धा हर्पिसच्या पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी. पीसीआर सकारात्मक आला तर विषाणू आहे एवढंच कळतं, तो प्रतिरोधी आहे हे कळत नाही. त्यासाठी विषाणू वाढवून औषधासमोर पाहावा लागतो किंवा त्याच्या थायमिडिन कायनेज आणि पॉलिमरेज यांच्या जनुकांचा क्रम वाचावा लागतो, आणि हे मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेचं काम आहे. नमुना नकारात्मक आणि संवेदना गेलेली, असं निघालं तर विषाणूविरोधी मलम बंद करून, गोळी प्रतिबंधक मात्रेवर ठेवून, संरक्षक द्रव्य नसलेले कृत्रिम अश्रू, आणि गरज पडली तर काही आठवडे पापण्या अर्धवट शिवणं. शिवायचं नाव काढलं की लोक घाबरतात, पण मी त्याने भरलेल्या जखमा बऱ्याच पाहिल्या आहेत. साखर ताब्यात आणायची ती या सगळ्याच्या बरोबरीने.

बेळगावात हे बहुतेक होतं. महाराष्ट्रात मिरज किंवा कोल्हापूरला जायचं ठरवलंत तर कर्नाटकचं आरोग्य कार्ड पलीकडे चालेल का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न काउंटरवर पोचल्यावर कळतो.

नवं औषध चाचणीत तरी मिळेल का, हे पाहायचं तर भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, कुणालाही पाहता येते. तिथे नोंद नसलेली ‘चाचणी’ चाचणी नव्हे. आणि खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी बीएक्स-७९५ किंवा तसलं काही मागवून देतो म्हणत असेल, तर ते प्रयोगशाळेसाठी विकलं जाणारं रसायन असणार. ते डोळ्यात घालायचं नाही.

आणि एक. चार वेळा जखम होऊन बुबुळाच्या मध्यावर फूल पडलं असेल, तर पुढे बुबुळ बदलायची गोष्ट निघेल. डोळा किमान सहा महिने शांत असल्याशिवाय मी त्यासाठी घाई करत नाही. बुबुळ बसवल्यावर स्टेरॉइडचे ड्रॉप बरेच महिने लागतात आणि त्या काळात हर्पिस परत यायला मोकळं रान असतं, म्हणून सोबत अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी असते. ती गोळी या विषाणूवर चालते की नाही, हे शस्त्रक्रियेआधी माहीत असणं फार मोलाचं. म्हणून प्रतिरोधाची तपासणी करून घेतलीत, तर तिचा कागद, उत्तर काहीही येवो, फाइलमधून हलू देऊ नका.